रामशेजच्या अंगाने अमेरिका

बॅग तेवीस किलो आठशे भरली. काकूंनी आधी काकांचा स्वेटर बाहेर काढला, मग काय वाटलं कोण जाणे, स्वेटर परत आत कोंबला आणि गोड्या मसाल्याची एक पुडी काढून ओट्यावर ठेवली. काकांनी पुन्हा काटा अडकवला. हातात धरायचा, पट्ट्याला आकडा लावून उचलायचा काटा. गंमत अशी की बॅग उचलली की आकडा उचलणाऱ्याच्याच मुठीखाली जातो, म्हणून वाचायला दुसरं माणूस लागतं. त्या रात्री ते माणूस मी होते. "तेवीस पाचशे," मी वाचलं. काकूंनी पुरणयंत्राकडे पाहिलं. ते काही निघणार नव्हतं. शेवटी कोंडाजीच्या चिवड्याचं एक पाकीट माझ्या हातात आलं. "तू खा. तेवढाच भार हलका."

२०२५ चा जुलै संपत आला होता, बाहेर पाऊस धरून होता आणि सोमेश्वरचा धबधबा बघायला गेलेल्या गाड्यांची परतीची रांग आनंदवल्लीपर्यंत लागली होती. त्याच आठवड्यात संपादकांचा फोन आला होता. यंदाच्या अंकाचा विषय 'लांब'. म्हणजे काय, असं विचारलं तर म्हणाले, ते तुम्हीच बघा. मी म्हटलं, बघायला फार लांब जायला नको. समोरच्या दारातले काका-काकू शुक्रवारी मुलीकडे अमेरिकेला निघताहेत.

गंगापूर रोडवर राहणाऱ्याला हे नवं नाही. अशोक स्तंभापासून जेहान सर्कलपर्यंत आणि तिथून पुढे गंगापूर गावाकडे सरकत गेलेल्या या वस्तीत कुठल्याही जिन्यात दोन दारांवर थाप मारा, एका घरातलं तरी कुणी बाहेर असतंच. 'बाहेर' या शब्दाला इथे पत्ता लागत नाही. रस्ता उलटाही वाहतो म्हणा. राजीव सामंत ऑरॅकलमधली नोकरी सोडून कॅलिफोर्नियाहून परत आले आणि त्यांनी याच रस्त्याच्या पुढच्या टोकाला, सावरगावच्या बाजूला, द्राक्षं लावली. २००० साली सुलाची पहिली वाइन निघाली. पण असे परतणारे थोडे. बहुतेक घरांत आईवडीलच जाऊन येऊन असतात, उन्हाळ्यात किंवा बाळंतपणाला, आणि सहा महिने पुरेल एवढी भाजणी घेऊन.

हाराचा दोरा

काका ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेले. १९६४ साली मिग-२१ बांधायला म्हणून तो कारखाना उभा राहिला. काका पुढे कधीतरी लागले आणि आयुष्यभर मिग उघडत-जोडत राहिले. त्यामुळे विमानाविषयी कुणी ढिलं बोललेलं त्यांना खपत नाही. इंटरनेटवर 'मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को' टाकल्यावर जे उत्तर येतं ते मी त्यांना दाखवलं: अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर, वेळ सतरा तास वीस मिनिटं.

"हे कुणी मोजलंय?" काका म्हणाले. "कुणी नाही. साडेतेरा हजाराला ताशी आठशेने भागलं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवला. झालं गणित. यात वारा नाही, डोंगर नाही, भांडण नाही."

मग त्यांनी नातीचा जुना पृथ्वीगोल काढला आणि काकूंच्या देवघरातला हाराचा दोरा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणला. मी मनात धरलं होतं की तो अरबी समुद्र, युरोप, अटलांटिक करत पश्चिमेकडे जाईल. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डाव्या हाताला असते ना! दोरा सरळ वर गेला. हिमालय, सिनक्यांग, सायबेरिया, आर्क्टिकचा बर्फ, अलास्का, आणि तिथून खाली उतरून कॅलिफोर्निया. गोलावरची सगळ्यात जवळची वाट ती हीच. सपाट नकाशाने आपल्या डोक्यात जी अमेरिका बसवली आहे ती चुकीच्या दिशेला बसवली आहे.

घरी येऊन मी त्या वाटेचा कोन काढला. नाशिकहून निघणारी रेघ उत्तरेपासून पूर्वेकडे जेमतेम पंधरा अंश कलते. फोनमधलं होकायंत्र घेऊन गच्चीवर गेले. समोर नदी, पलीकडे मखमलाबादची शिवारं, आणि पावसाच्या पडद्याआड रामशेजचा किल्ला. रेघ त्याच्याच अंगाने जाते. पुढे दिंडोरी, आणखी पुढे वणीच्या देवीचा डोंगर थोडा उजवीकडे ठेवून. औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं दाद न दिलेल्या त्या किल्ल्याकडे मी लहानपणापासून बघत आले. त्याच्या मागे, त्याच दिशेने, काकूंची मुलगी राहते हे कधी सुचलं नव्हतं. आणखी एक गोष्ट हाती लागली. नाशिक मुंबईच्या उत्तरेला, म्हणून सॅन फ्रान्सिस्कोला मुंबईपेक्षा शंभरेक किलोमीटरने जवळ. म्हणजे अमेरिकेला जाण्यासाठी आपण आधी तिच्यापासून लांब जातो, कसारा उतरून.

काकांना हे सांगितलं. ते हसले नाहीत. "मी तीस वर्षं ओझरला गेलो रोज," एवढंच म्हणाले.

ओझरला धावपट्टी आहे, २०१४ पासून प्रवाशांसाठी टर्मिनलही आहे, दिल्ली-हैदराबादची विमानं उडतात. पण परदेशी जाणारं प्रवासी विमान तिथे नाही. मध्यंतरी मालवाहू विमानातून शेळ्या-मेंढ्या ओझरहून थेट शारजाला गेल्या. जेहान सर्कलच्या कट्ट्यावर ही बातमी बरेच दिवस चघळली गेली होती: शेळ्यांना जमलं, आपल्याला नाही.

डोंगर, वारा आणि भांडण

दोऱ्याच्या वाटेने विमान जात का नाही, हा माझा पुढचा प्रश्न. त्याचं पहिलं उत्तर हिमालय आणि त्याच्या पलीकडचं तिबेटचं पठार. उंच डोंगरावरून उडायला विमानाला काही अडचण नाही. ते अकरा-बारा किलोमीटरवरून जातं. अडचण बिघाड झाल्यावरची. आतल्या हवेचा दाब गेला तर छतातून प्राणवायूचे मुखवटे खाली येतात, पण त्यांतला प्राणवायू थोडी मिनिटंच पुरतो. तेवढ्यात वैमानिकाने विमान दहा हजार फुटांच्या आसपास आणायचं असतं, जिथे माणूस मुखवट्याशिवाय श्वास घेऊ शकेल. तिबेटची जमीनच सरासरी चौदा-पंधरा हजार फुटांवर. खाली यायला खाली जागाच नाही. म्हणून बहुतेक विमानं पठाराला वळसा घालतात, पश्चिमेकडून तरी किंवा पूर्वेकडून तरी.

दुसरं उत्तर वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे झोत वाहतात. हिवाळ्यात ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातात. ते पाठीशी असले तर लांबची वाट लवकर संपते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट १३,९०० किलोमीटरची १५,३०० झाली आणि विमान साडेचौदा तासांत पोचलं. चौदाशे किलोमीटर जास्त चालून आधीपेक्षा लवकर! येताना हाच वारा तोंडावर येतो, म्हणून परतीची वाट निराळी. ११ जानेवारी २०२१ ला कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सोबतच्या सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून विमान ध्रुवावरून बंगळूरला आणलं. गोलावर दोरा ताणला तर हे अंतर चौदा हजारांच्या घरात, प्रत्यक्ष उड्डाण सोळा हजारांचं.

इथे आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांचा सिद्धांत नोंदवायला हवा. त्यांच्या मते विमान वर गेलं की पृथ्वी खालून फिरते, म्हणून एका दिशेला लवकर पोचतं. तसं असतं तर ओझरहून हेलिकॉप्टर नुसतं वर नेऊन टांगून ठेवलं असतं आणि खाली आफ्रिका आली की उतरवलं असतं. हवाही पृथ्वीबरोबर फिरते. फरक पडतो तो वाऱ्याने.

वाऱ्यापेक्षा काकांना इंधनाचं कौतुक जास्त. मिग-२१ ची टाकी तासाभराच्या आत-बाहेर संपायची. लांब पल्ल्याच्या बोइंग ७७७-२०० एलआर मध्ये एक लाख ऐंशी हजार लिटर मावतं. मे महिन्यात आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर येतो तो दहा हजारांचा. असे अठरा टँकर पंखांत आणि पोटात भरून ते विमान उडतं. त्यातलं बरंचसं इंधन उरलेलं इंधन वाहून नेण्यातच जळतं. म्हणून वाट दोन तासांनी वाढली की दोन तासांचंच इंधन वाढवून भागत नाही; माणसं तरी कमी न्यावी लागतात किंवा वाटेत उतरून पुन्हा भरावं लागतं.

आणि तिसरं, भांडण. पहलगामच्या हल्ल्यानंतर, २४ एप्रिलपासून, पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना गुजरातच्या समुद्रावरून वळसा पडला. अमेरिकेची काही उड्डाणं व्हिएन्नाला इंधनासाठी थांबू लागली; सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणारं विमान कोलकात्याला उतरून येऊ लागलं. दोन विमानतळ जिथल्या तिथे, पृथ्वी तेवढीच, आणि अंतर वाढलं. गिरणाऱ्याच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि रॉटरडॅमला जाणारा त्याचा माल सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागला. दहा-पंधरा दिवस वाढले. बागेतून घड तोडताना त्याला रॉटरडॅम त्या वर्षी खरोखरच लांब गेलं.

काकूंच्या मुलीने म्हणून आखाती वाट धरली: मुंबई-दुबई, तिथे विमान बदलून सॅन फ्रान्सिस्को. दोन्ही टप्पे मिळून पंधरा हजार किलोमीटरांना थोडे कमी. दोऱ्यापेक्षा साडेचौदाशे जास्त. "पण एकदाच बदलायचं," काकू म्हणाल्या. किलोमीटर कितीही असोत, या वयाची माणसं अंतर मोजतात ते किती वेळा बदलायचं यावर.

सहारपर्यंत

शुक्रवारी रात्री आठला निघायचं ठरलं. आठला निघालोही, पण जिन्यातून काकू दोनदा परत गेल्या. एकदा देवापुढचा दिवा विझलाय ना ते बघायला आणि एकदा गॅससाठी. मग किल्ली माझ्या हातात देऊन, मुठीवर मूठ ठेवून म्हणाल्या, "तुळशीला पाणी. पावसाचं गच्चीतल्या कुंडीत पडत नाही."

पहाटे साडेचारच्या विमानासाठी रात्री आठला निघणं मुंबईकराला वेडेपणा वाटेल. आमच्या टॅक्सीवाल्यांना नाही. नाशिकच्या चालकांना मुंबईचा विमानतळ अजूनही 'सहार'. आमचा चालक महिन्यात दहा-बारा वेळा तरी सहार करतो. पाथर्डी फाटा, विल्होळी, घोटी, आणि इगतपुरीला तो समृद्धी महामार्गावर चढला. हा शेवटचा तुकडा, इगतपुरी ते आमणे, ५ जूनलाच उघडलेला. कसाऱ्याच्या घाटात धुक्यात ट्रकच्या मागे रांगत जायचं ते पर्व संपलं; आता डोंगराच्या पोटातून जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा. बाहेर मुसळधार आणि आत कोरडं, दिव्यांच्या माळेखाली. काकू डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. काका बोगद्याचं छत बघत होते.

"अर्धा तास वाचला की हो," मी म्हटलं.

"थांबा ताई," चालक म्हणाला. "समृद्धीने दिलेला वेळ भिवंडीला भरून जायचा असतो."

आणि तसंच झालं. आमण्याला उतरल्यावर भिवंडी बायपासवर कंटेनरांची भिंत, माजिवड्याला दुसरी. डोंगर पार करायला मिनिटं लागली, सपाटीवर तास गेला. गाडीत रेडिओ लागला होता, त्यावर मिग-२१ सप्टेंबरात निवृत्त होणार ही बातमी आली. काकांनी आवाज वाढवला, मग बंदच केला. अहमदाबादच्या विमान अपघाताला तेव्हा दीड महिना झाला होता. त्याचं नाव गाडीत कुणी काढलं नाही. चालकाने, काका विमानं बांधायचे हे कळल्यावर, एकदाच विचारलं, "काका, आता सगळं तपासूनच सोडत असतील ना?" काका म्हणाले, "आम्ही तपासूनच सोडायचो."

बाराला सहार. ज्याच्याकडे तिकीट त्यालाच दाराच्या आत. बाकीच्यांनी कठड्याशी उभं राहायचं. कठड्याशी माझ्यासारखे पुष्कळ होते. कुणी मोबाईल उंच करून आत गेलेल्यांची पाठ टिपत होतं. मुलीने तिकीट काढतानाच दोघांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. काका भडकले. "मी काय पेशंट आहे?" काकू मात्र शहाण्या, लगेच बसल्या. व्हीलचेअर पायांसाठी घेतच नाहीत, निदान आमच्या रस्त्यावरून जाणारे तरी. खुर्ची ढकलणाऱ्याला वाट ठाऊक असते: कुठली रांग, कुठलं फाटक, दुबईला उतरल्यावर कुठली गाडी, कुठला जिना. इंग्रजीत विचारायची पाळी येत नाही. खुर्चीत बसलेलं माणूस चुकत नाही, एवढाच त्यातला मतलब. काका शेवटपर्यंत खुर्चीशेजारून चालत गेले, दांडीला हात लावून, म्हणजे जणू तेच ढकलत होते.

मी त्याच गाडीने परत फिरले. गंगापूर रोडला पोचले तेव्हा सव्वाचार वाजले होते. जाऊन आले, आणि त्यांचं विमान मुंबईतून अजून हललंही नव्हतं.

एकच दुपार

शनिवारी सकाळी सव्वादहाला दुबईहून दुसरं विमान उडालं आणि मी फोनवर त्याचं चिन्ह उघडून बसले. दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को पृथ्वीच्या गोलावर जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत. त्यामुळे त्यांच्यातला दोरा ताणला तर तो थेट ध्रुवाजवळून जातो. चिन्ह सरळ वर सरकत होतं. मी कुकर लावला तेव्हा इराण, पोळ्या झाल्या तेव्हा रशिया. दुपारी झोपून उठले, अजून रशियाच. रशियाचं काही संपत नाही.

पूर्वी या वाटेला असं बघत बसता येत नव्हतं. एअर इंडियाचं पहिलं मुंबई-न्यूयॉर्क उड्डाण १४ मे १९६० चं, बोइंग ७०७, लंडनमार्गे. माझा एक मामा सत्तरच्या दशकात गेला तो निळ्या एरोग्रामवर पोचला. 'सुखरूप पोचलो' हे आजोबांच्या हाती पडलं तेव्हा त्याला पोचून दोन आठवडे होऊन गेले होते. दोन आठवडे घरातले सगळे तो वाटेतच आहे असं धरून होते.

संध्याकाळी चिन्ह बर्फाच्या कडेशी पोचलं. जुलै महिना, ध्रुवापाशी सूर्य मावळतच नाही, आणि विमान दुबईहून सकाळी उडून त्याच तारखेच्या दुपारी उतरणार. म्हणजे वाटेत रात्र नाहीच. काकूंनी नंतर सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत: "अगं, सोळा तास एकच दुपार. हवाईसुंदरीने खिडक्या बंद केल्या, दिवे घालवले, पण मला ठाऊक होतं ना बाहेर ऊन आहे! झोप कशी लागणार? जरा खिडकी सरकवून बघितलं, खाली सगळं दह्याच्या कवडीसारखं." दह्याची कवडी हा आर्क्टिकचा फोटो मी कुठल्या नियतकालिकात पाहिला नव्हता.

तिकडची वेळ काढायची काकूंची रीत सोपी आहे. अर्धा तास मागे यायचं आणि सकाळची संध्याकाळ करायची. उन्हाळ्यात हे बरोबर बसतं, तेव्हा आपल्यात आणि कॅलिफोर्नियात साडेबारा तासांचा फरक. तो आगंतुक अर्धा तास आपल्याकडचा; भारताची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाची. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेतेरा होतो. त्या वर्षी भाऊबीज त्याआधी येत होती, तेव्हा ओवाळणीच्या व्हिडिओ कॉलला जुनंच गणित चालणार होतं.

रात्री दोनला चिन्ह सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवर आलं, एक वळसा घेतला आणि थांबलं. मी कागदावर बेरीज मांडली. मुंबई-दुबई सव्वातीन तास, पुढे पावणेसोळा, हवेत एकोणीस. मुलीच्या घरी, सनीव्हेलच्या दारात पोचल्याचा फोन आला चार वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे आमच्या जिन्यातून निघाल्यापासून बत्तीस तासांनी. तेरा तास जमिनीवर गेले: भिवंडी, माजिवडा, रांगा, दुबईचे बाक, पासपोर्टची खिडकी, बॅगेचा पट्टा. भिंतीवरच्या घड्याळांना विचाराल तर शुक्रवारी रात्री आठला निघालेली माणसं शनिवारी दुपारी साडेतीनला पोचली, साडेएकोणीस तासांत. बारा-तेरा तास घड्याळाने परत केले. येताना व्याजासकट वसूल करतं म्हणे.

फोन मुलीचा होता. मागे पुरणयंत्र जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, नातीचा आवाज आला. काका उभ्याउभ्याच झोपलेत म्हणाली. चिवडा सगळा आला, कस्टमवाल्याने मेतकुटाची पुडी हुंगून परत दिली.

"ताई, आई काहीतरी विचारतेय, देते."

काकू फोनवर आल्या. आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ.

"अगं, झोपली होतीस का? किल्ली आहे ना तुझ्याकडे? मी गॅसचं रेग्युलेटर बंद केलं होतं का, तेवढं बघून येतेस?"

मी चपला घातल्या. जिन्यात दिवा नव्हता. त्यांचं दार उघडलं, ओट्याखाली वाकून हात घातला. ओट्यावर गोड्या मसाल्याची पुडी तशीच पडलेली होती.

"बंद आहे, काकू."

"बरं. मग जा आता, झोप."